टाचेतला एक थेंब : नवजात अर्भकाच्या रक्तशर्करेची गोष्ट

१/८ नवजात बाळाच्या टाचेला सुई टोचून, पाळण्याशेजारीच रक्तातील साखर मोजली जाते. ते यंत्र मुळात कोणासाठी घडले होते? या प्रश्नाचे उत्तर बाळाच्या जिवाशी निगडित आहे. #थ्रेड

२/८ सन १९५९. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मार्विन कॉर्नब्लाथ व सहकाऱ्यांनी आठ अर्भकांची नोंद प्रसिद्ध केली. गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या मातांची ही बाळे. त्यांना झटके येत, अंग निळे पडे आणि रक्तात साखर अत्यल्प असे. तोवर नवजाताची कमी साखर बहुधा निरुपद्रवी मानली जाई.

३/८ साखर तातडीने मोजणे आता निकडीचे झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यास एम्स कंपनीची ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबून तो धुवायचा आणि उमटलेला रंग तक्त्याशी ताडायचा.

४/८ मात्र ही पट्टी मधुमेहींना समोर ठेवून घडली होती. तेथे मुख्य चिंता साखर किती वाढली याची. नवजाताच्या बाबतीत ती किती घसरली याची.

५/८ शिवाय नवजाताचे रक्त दाट असते. त्यात तांबड्या पेशींचे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांपर्यंत असते. अशा रक्तात अनेक पट्ट्या साखर प्रत्यक्षाहून कमी दाखवतात. उलट, टाचेवरचे स्पिरिट न वाळल्यास डेक्स्ट्रोस्टिक्सचा आकडा खोटा वाढे, हे १९८० मध्ये नोंदले गेले.

६/८ घरगुती ग्लुकोमीटरच्या २००३ च्या आंतरराष्ट्रीय निकषात, साखर ७५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असता १५ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक क्षम्य होता. प्रौढाच्या उपचारात तो खपून जाई. परंतु बाळाची खरी साखर ३० असता यंत्राने ४५ दाखवले, तर?

७/८ चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. आकडा खोटा कमी आला, तर निरोगी बाळ आईपासून दूर नेले जाते, त्याला सलाईन लागते. खोटा जास्त आला, तर उपाशी मेंदूकडे दुर्लक्ष होते.

८/८ प्रयोगशाळाही निर्दोष नाही. नमुना पडून राहिला, तर रक्तपेशीच त्यातील साखर खातात. म्हणून पट्टीने धोका दाखवताच नमुना त्वरेने प्रयोगशाळेत धाडावा, आणि बाळात लक्षणे दिसत असतील तर उत्तराची वाट न पाहता उपचार आरंभावा, अशी रीत रुळली. साठ वर्षांत यंत्रे पुष्कळ सुधारली, तरी ही रीत मोडीत निघालेली नाही.