‘वतन’ शब्दाची कुळकथा

वाडवडिलांकडून चालत आलेल्या धनाला मराठी भाषेंत शब्दांची वानवा नाहीं. ‘दाय’ हा शब्द संस्कृतांतील. ‘वारसा’ आणि ‘मिरास’ हीं एकाच अरबी धातूचीं सख्खीं भावंडें. परंतु महाराष्ट्राच्या ग्रामजीवनांत ‘वतन’ या शब्दाइतकीं खोल मुळें क्वचितच कोणत्या शब्दानें धरलीं असतील.

अरबींत वतन म्हणजे जन्मभूमि, राहतें ठिकाण. उर्दूंत तो अर्थ अद्याप कायम आहे. दख्खनेंत मात्र सुलतानांच्या अमदानींत त्याला निराळें वळण लागलें. गांवचे पाटील व कुळकर्णी, परगण्याचे देशमुख व देशपांडे यांचीं कामें पिढीजात. त्या कामांबद्दलची इनाम जमीन, रयतेकडील हक्क आणि मानपान हेंहि पिढीजात. या सर्वांस मिळून वतन म्हणूं लागले. घराण्याचें पाऊल जेथें रोवलें, तेथील अधिकार हेंच त्याचें वतन झालें.

वतन भावाभावांत वांटलें जाई, प्रसंगीं विकलेंहि जाई. तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, निवाड्याचा महजर होई आणि पाटील त्यावर नांगराची निशाणी करी. राजे बदलत, वतनदार सहसा बदलत नसत. रामचंद्रपंत अमात्यांनीं ‘आज्ञापत्र’ या ग्रंथांत वतनदारांना राज्याचे वाटेकरी लेखून राजाला सावध केलें, तें याचसाठीं.

परंतु वतन सर्वांनाच सुखाचें नव्हतें. महार हाहि वतनदारच. पण त्याच्या वांट्याला मान थोडा आणि राबणूक फार. सरकारी हांक केव्हांहि येई. कर्ता पुरुष घरीं नसला तर कुटुंबांतील दुसऱ्यास जावें लागे. मोबदला मात्र तुटपुंजा. या चाकरीचे नियम १८७४ च्या वतन कायद्यांत होते. त्यांत पालट व्हावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत दुरुस्तीचें विधेयक मांडलें. एका घराण्यानें जें जिवापाड जपलें, तेंच दुसऱ्याच्या पायांतील बेडी ठरलें; नांव मात्र एकच!

पुढें स्वतंत्र भारतांत १९५० च्या कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें, १९५८ च्या कायद्यानें महारवतनासह कनिष्ठ ग्रामवतनें आणि १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटीलकीचें वतन संपुष्टांत आलें. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी हीं आतां आडनांवें उरलीं आहेत. वडिलांनीं काय ठेवलें हें प्रत्येक घर अभिमानानें सांगतें. तें कोणाच्या कष्टांवर उभें होतें, हेंहि विचारण्यास हा एक शब्द शिकवितो.