बायकांचं असंच असतं?

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात शिकली, काही वर्षं गुडघे-खांदे केले आणि मग लंडनला गेली. गेल्या दिवाळीत आली होती. फराळ करता करता कोणीतरी विचारलं, "हल्ली काय करतेस गं?" ती सरळ म्हणाली, "बाळंतपणानंतर ज्यांची लघवी निसटते, अंग बाहेर येतं, त्या बायकांवर उपचार करते." खोलीत एकदम शांतता! भाऊजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी खाली मान घालून चकली मोडत राहिले.

रात्री तिला विचारलं, या वाटेला कशी लागलीस? म्हणाली, "मावशी, एक बाई कंबरदुखीसाठी यायची. सगळे व्यायाम करायची, फक्त उडी मारायला तयार नसायची. खूप दिवसांनी कारण सांगितलंन. मला कॉलेजात या स्नायूंबद्दल फारच थोडं शिकवलं होतं. मग पुन्हा शिकायला बसले."

मी जन्मभर इतिहास शिकवला. तेव्हा या विद्येचाही इतिहास शोधणं आलंच.

सुरुवात लंडनमध्येच झाली. 1894 साली मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड झाली. तेव्हा चार परिचारिकांनी आपल्या कामाची अब्रू राखण्यासाठी संस्था काढली. आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपी संघटनेचं मूळ ते. त्या चौघींतल्या रोझलिंड पॅजेट या सुईणीही होत्या. गंमत पाहा, ज्या व्यवसायाला जन्मतःच अब्रूची काळजी, त्याला शरीराच्या सर्वांत झाकलेल्या भागापर्यंत पोचायचं होतं.

1912 साली सेंट थॉमस रुग्णालयातल्या मसाज शाळेची सूत्रं मिनी रँडेल यांच्याकडे आली. त्याही परिचारिका आणि सुईण. बाळंतिणीने दिवसचे दिवस पडून राहायचं, असा तो काळ. तिथले डॉक्टर फेअरबेर्न यांनी त्यांना बाळंतिणींसाठी अंथरुणातच करायचे व्यायाम बसवायला सांगितले. पुढे 1936 मध्ये मार्गारेट मॉरिस या नर्तिकेबरोबर रँडेलबाईंनी या व्यायामांचं पुस्तक काढलं.

1948 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. आर्नल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामावर निबंध लिहिला. हवेच्या दाबावर चालणारं एक साधन त्यांनी बनवलं होतं. बाईने स्नायू आवळला की तबकडीवरचा काटा हलायचा. आपलं न दिसणारं बळ तिला डोळ्यांनी दिसायचं! व्यायामांना नाव त्यांचंच पडलं. रँडेलबाईंना मात्र कोण ओळखतं? पुढे 1977 मध्ये एलिझाबेथ नोबल यांनी अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेत या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. आज इंग्लंडमध्ये खोकताना-शिंकताना लघवी निसटण्यावर पहिला उपाय म्हणून किमान 3 महिने तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे व्यायाम सुचवतात.

आता चकली का मोडत होते ते सांगते. 1979 साली माझं दुसरं बाळंतपण झालं. सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा, सगळं यथासांग झालं. त्या स्नायूंचं नाव मात्र कोणी काढलं नाही. पुढे शाळेच्या सहलीत शिंक आली आणि साडी ओली झाली. आईला सांगितलं तर म्हणाली, "बायकांचं असंच असतं." आईचंही तसंच असणार, हे मला आत्ता कळतंय. त्यानंतर मी सहलीला कधी गेले नाही. मुलांना वाटायचं, बाईंना गाडी लागते.

भाचीला त्या रात्री सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सत्तरीतही फरक पडतो, पण आधी नीट तपासून घे." तिने पुण्यातल्या एका ओळखीच्या बाईंकडे पाठवलं. चार महिने नेमाने करते आहे. पूर्ण बरी झाले असं नाही म्हणणार. पण परवा नातवाच्या एका पाणचट विनोदावर खळखळून हसले, मांड्या न आवळता.

घरातल्या लेकीसुनांना हे वाचायला द्या. आणि हो, आईलाही.