कॉलेजच्या फाटकाच्या आत : आकुर्डीचे विद्यार्थीजीवन आणि आपण

मुस्लिम समाजाच्या शिक्षणाचा इतिहास लिहायला बसलो की आपण आकडे मोजू लागतो. किती शाळा निघाल्या, किती मुले दहावी झाली, किती जणांनी पदव्या घेतल्या. हे मोजलेच पाहिजे. पण तास संपल्यावर ही मुले काय करत होती, कोणाबरोबर डबा खात होती, गॅदरिंगला रंगमंचावर होती की मागच्या बाकावर, याची नोंद आपण ठेवत नाही. विद्यापीठ म्हणजे फक्त परीक्षा नव्हे. माणूस माणसाला भेटतो, वाद घालतो, पुढारपण शिकतो, तेही विद्यापीठच. हा अर्धा इतिहास लिहायचा राहून गेला आहे. तो शोधण्यासाठी आम्ही आकुर्डी हे गाव निवडले. कारखान्याच्या भोंग्यावर चालणारे हे गाव एका पिढीत विद्यार्थ्यांचे गाव झाले.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या सामाजिक कार्याची परंपरा जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पण त्याआधी नऊ वर्षे, १८४८ साली, एल्फिन्स्टनच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी आपली सभा काढली होती. पुढच्याच वर्षी तिने मुलींच्या शाळा सुरू केल्या. अलीगढच्या कॉलेजात १८८४ साली विद्यार्थ्यांचा युनियन क्लब निघाला आणि वक्तृत्वाची एक मोठी परंपरा तेथे रुजली. आपल्या मराठी मुलखात मात्र आपल्या मुलांसाठी विद्यार्थीजीवनाचे दार वसतिगृहाने उघडले. १९०६ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. खेड्यातला मुस्लिम मुलगा शहरात राहून शिकू शकतो, हे त्या बोर्डिंगने दाखवून दिले. १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. एका पंगतीत बसण्याचे हे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते, पण त्याचा परिणाम पदवीपेक्षा कमी नव्हता.

आता आकुर्डीकडे वळू. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले तेव्हा आकुर्डी शेतीवर जगणारे लहानसे गाव होते. शेजारच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६० च्या सुमारास बजाज ऑटोचा कारखाना आकुर्डीत उभा राहिला आणि गावाचे नाव स्कूटरबरोबर देशभर गेले. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले, १९८२ साली महानगरपालिका झाली. सोलापूर, लातूर, उस्मानाबाद, सातारा, नगर या जिल्ह्यांतून माणसे कामाला आली. त्यांत शेख, पठाण, मुलाणी, तांबोळी, अत्तार, बागवान ही आडनावेही होती. कोणी मशीनवर, कोणी वेल्डिंगला, कोणी गेटबाहेर फळांच्या गाडीवर. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यांत आयुष्य विभागले गेले. या पिढीसाठी कॉलेज म्हणजे पुणे, आणि पुण्याला जायचे म्हणजे लोकल.

त्या काळातल्या विद्यार्थीजीवनाचा पहिला अड्डा कॉलेजचा कट्टा नव्हता, लोणावळा लोकलचा डबा होता. तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर. पुस्तकांची देवघेव, पेपरातल्या प्रश्नांची चर्चा, क्रिकेटचा स्कोअर, सिनेमाच्या गप्पा, सारे या डब्यात. ज्याला घरी परतून कामावर जायचे होते, किंवा बापाच्या गाडीवर बसायचे होते, त्याला तास संपल्यावरचे कॉलेज माहीत नव्हते. नाटकाच्या तालमी संध्याकाळी असत आणि त्याची लोकलही संध्याकाळचीच असे. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक गाजत होता. किती नट, लेखक, दिग्दर्शक त्या एकांकिकांतून पुढे आले! कामगारवस्तीतला विद्यार्थी मात्र बहुधा प्रेक्षकातही नसे. यात धर्माचा प्रश्न नंतरचा, आधी प्रश्न वेळेचा आणि पैशाचा होता, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

१९८३ साली राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र बदलू लागले. १९८४ साली पिंपरीत सुरू झालेले डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे आकुर्डी स्टेशनजवळच्या संकुलात आले. १९९९ साली जवळच प्राधिकरणात पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. कला, वाणिज्य, विज्ञान शिकणाऱ्यांसाठी गावातच प्रा. रामकृष्ण मोरे महाविद्यालय झाले. २०१८ मध्ये तर डी. वाय. पाटील आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आकुर्डीच्या नावासह सुरू झाले. मधल्या काळात, २००७ साली, बजाजने आकुर्डीतले वाहन उत्पादन थांबवले. ज्या स्टेशनावर कामगारांची गर्दी उतरत असे, तेथे आता पाठीवर सॅक घेतलेली मुले-मुली उतरतात. ज्या बापाने आकुर्डीत स्कूटरचे भाग जोडले, त्याची मुलगी आकुर्डीत संगणक शिकू लागली. हा बदल लहान नाही.

आपली मुले या कॉलेजांत पोहोचली त्यामागेही एक चळवळ आहे. शब्बीर अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने जातीच्या दाखल्यांचा प्रश्न लावून धरला. दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस तिच्या व्यासपीठावर उभा राहिला. दाखला मिळाला, फीमध्ये सवलत मिळाली, म्हणून कित्येक घरांतला पहिला इंजिनिअर झाला. तरीही २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलेले चित्र विसरता येत नाही. देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांत एक मुस्लिम. वर्गात एकटा असलेला मुलगा गॅदरिंगच्या समितीत किंवा वादविवादाच्या संघात दिसत नाही, यात नवल काय?

येथे दोन्ही बाजू पाहायला हव्यात. एक बाजू व्यवस्थेची. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळाच्या थेट निवडणुका बंद केल्या. गुणवत्तेवर आणि नेमणुकीने प्रतिनिधी ठरू लागले. निवडणुकांतली गुंडगिरी थांबली हे खरे, पण ज्याच्यामागे कोणी नाही अशा मुलाला मते मागत वर्गावर्गात फिरण्याची संधीही गेली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ मध्ये त्यांची घोषणा झाली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. बाहेरगावच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. नाव ऐकले की खोली ‘कालच दिली’ असे ऐकू येते. मग मुले आपल्याच वस्तीत, कॉलेजपासून दूर राहतात आणि पुन्हा लोकल धरतात. शाहूंना आणि भाऊरावांना वसतिगृहाचे महत्त्व का कळले होते, ते अशा वेळी कळते.

दुसरी बाजू आपली आहे. ‘फक्त अभ्यास कर, बाकी भानगडीत पडू नको’ हे वाक्य आपल्या घरोघरी आहे. मुलीला तर कॉलेज सुटल्याची वेळ आणि लोकलची वेळ मिळवूनच परवानगी मिळते. नाटक नको, शिबिर नको, सहल नको. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधी जन्मशताब्दीत सुरू झाली. तिच्या निवासी शिबिरात श्रमदान होते, गावात राहणे होते. तेथे आपली मुलगी गेली तर काय बिघडेल? आम्हाला वाटते, काही बिघडणार नाही, घडेल मात्र पुष्कळ. भीती आहे ती खरी आहे, पण भीतीपोटी मुलीला परक्यासारखे वावरायला लावले तर तिचे परकेपण कायमचे होते.

आणि आकुर्डीत परके वाटण्याचे कारणच नाही. आषाढीला देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्याआधी वाटेवर ती थांबते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. तेथे अभंग आणि आरती होते, मग पालखी पुढे सरकते. तुकोबांच्या पालखीचा पहिला विसावा एका मुस्लिम फकिराच्या दारी आहे. या वाटेवर वारकऱ्यांना पाणी देणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या विद्यार्थ्यांत आपली मुलेही असावीत. ते कोणावर उपकार म्हणून नव्हे. ही वाट त्यांचीही आहे म्हणून.

आमची वाचकांना विनंती साधी आहे. आपल्या घरात जो पहिला कॉलेजात गेला, त्याला विचारा : गॅदरिंगला तू कुठे होतास? मित्र कोण होते? कॉलेजच्या वार्षिकात कधी लिहिलेस का? त्याचे उत्तर लिहून ठेवा, कारण ही माणसे थकत चालली आहेत आणि त्यांच्याबरोबर हा इतिहासही जाईल. आणि आज जी मुलगी तालमीला थांबू का म्हणून विचारते, तिला थांबू द्या. उशीर झाला तर घरातल्या कोणीतरी आकुर्डी स्टेशनावर जाऊन तिला घेऊन यावे. तेवढ्याने पुढच्या पिढीचा इतिहास बदलू शकतो.