दफ्तरात नसलेला आर्ट थेरपिस्ट

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक मोह होतोच. दोन-चार कीवर्ड टाकायचे, काही सापडलं नाही की ‘या विषयावर संशोधन झालेले नाही’ असं वाक्य ठोकून द्यायचं. मीही ठोकलं होतं. ‘सोलापूर, आर्ट थेरपी, ज्येष्ठ नागरिक, काळजीवाहक’ असं शोधून बघा, हाताला फारसं काही लागणार नाही. पण शब्द नसणं आणि काम नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपली फसगत होते ती इथेच.

आधी शब्दाचं वय बघा. ‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने केला. त्याआधी १९३८ मध्ये क्षयामुळे तो मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये पडून होता. अंथरुणावरून दिसेल ते रेखाटताना त्याला जाणवलं की याने आपल्याला बरं वाटतंय; मग तो इतर रुग्णांना शिकवू लागला. १९४६ पासून एडवर्ड अ‍ॅडमसनने सरे परगण्यातल्या नेदर्न मनोरुग्णालयात स्टुडिओ चालवला. शिकवायचं नाही, चित्राचा अर्थही लावत बसायचं नाही, माणसाला रंग आणि जागा द्यायची, ही त्याची रीत. दोन्ही ठिकाणी समोर कोण आहे ते लक्षात घ्या: रुग्ण. म्हातारपण हा तेव्हा विषयच नव्हता, आणि रुग्णाची उस्तवार करणारं माणूस तर कुठेच नाही. आज वृद्ध आणि त्यांचे काळजीवाहक यांच्यासोबत काम करणारा आर्ट थेरपिस्ट या वाटेने खूप उशिरा आलाय.

आपल्याकडे याची शेजारची वाट आधी तयार झाली. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानंतर निंबकर घराण्यात आलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. त्या पेशाला नाव, अभ्यासक्रम, संघटना सगळं मिळालं. आर्ट थेरपिस्टचं काय? २०२१ चा संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांचा कायदा उघडा आणि शेवटची अनुसूची वाचा. ऑक्युपेशनल थेरपिस्टला स्वतंत्र स्थान आहे. आर्ट थेरपिस्ट सापडतो तो ‘मूव्हमेंट थेरपिस्ट’च्या पुढच्या कंसात, नृत्याच्या जोडीला! कायदे वाचताना कंस वगळू नका. कधीकधी अख्खा पेशा तिथे कोंबलेला असतो.

म्हणजे सोलापूरचा कुणी या कामाकडे वळलाच, तर तो दफ्तरात दुसऱ्याच नावाने असणार. एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन एटीडी केलेला चित्रकलेचा शिक्षक, समुपदेशक, नाहीतर एमएसडब्ल्यू झालेली कार्यकर्ती. मात्र उलटी चूकही करू नका. ज्येष्ठ नागरिक संघातल्या प्रत्येक चित्रकला स्पर्धेला आणि भजनाला ‘थेरपी’ म्हणत सुटलात तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तुमच्यावरच येईल. विरंगुळा वेगळा आणि उपचार वेगळा. उपचारात प्रशिक्षित माणूस असतो, ठरवलेला हेतू असतो, आणि काय बदललं हे बघण्याची जबाबदारी असते.

सोलापुरात अजून एक अडचण आहे, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रिटिश काळात वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांना विणकाम, बागकाम अशी कामं देत. विणकाम तिथे उपचार होतं. सोलापुरात ते पोट होतं. जुनी गिरणी १९६३ मध्ये बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. तेव्हा चाळिशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. त्याच्या हातात उद्या कुणी रंगीत दोरा दिला, तर त्याला नेमकं काय आठवेल? कसब, पाळी, की थकलेली देणी? डिमेन्शियात ताज्या गोष्टी आधी पुसतात. हाताला बसलेली सवय त्या मानाने बरीच टिकते. पण सवय टिकते म्हणजे ती सुखाचीच असते असं नाही. शिवाय जेकार्डच्या चादरीवरचं नक्षीकाम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर ठरलेलं असायचं. मागावरच्या माणसाचं कौशल्य तुटलेला धागा पटकन सांधण्यात आणि खोट नजरेने पकडण्यात. त्याच्यापुढे कागद आणि खडू ठेवून ‘काका, मोर काढा’ म्हणणं मला तरी अपमानच वाटतो.

आता काळजी घेणारीकडे या. होय, बहुतेक वेळा ‘घेणारी’च. देशात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यातले बहुसंख्य घरीच सांभाळले जातात. पूर्वभागातल्या एखाद्या पद्मशाली घराचा विचार करा. सून विड्या वळते, मजुरी हजारावर, आणि एक डोळा सासऱ्यांवर. विडी कामगार म्हणून ती कागदोपत्री आहे; १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने तिला ओळखपत्रही मिळू शकतं. सासऱ्यांना जेवू घालणारी म्हणून तिची नोंद कुठे आहे? भारतात पहिलं देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं आणि घरातल्यांच्या बिनपगारी शुश्रूषेचे तास त्यात मोजले गेले. तिथे तुम्हाला तास मिळतील, पण ती बाई मिळणार नाही. तिच्यासाठी घरी जावं लागेल.

जाल तेव्हा एक पाळा. मुलाखत ‘आजोबांची’ म्हणून ठरवलीत तरी सुनेसाठी वेगळा वेळ ठेवा, त्यांच्यासमोर नको. विड्या कारखान्यात द्यायला जायची तिची वेळ आधी विचारून घ्या, कारण तासभर बोलली की तेवढ्या विड्या कमी आणि तेवढे पैसे बुडाले. घरात तेलुगू बोलत असतील तर दुभाषी घरातलाच घेऊ नका. सासऱ्यांविषयी ती नवऱ्याच्या तोंडून काय सांगणार? आणि तुमच्या प्रश्नावलीत ‘रुग्णाला कोणती कला आवडते’ हा प्रश्न असेल, तर त्याच्या खाली आणखी एक ओळ घाला: ‘तुम्ही शेवटचं स्वतःसाठी काही केलंत ते कधी?’