गरी, पाग आणि रापण



पांझरेच्या काठी, या देवपुरात उभे राहून मी समुद्राच्या माशांविषयी बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. आपल्या खानदेशाला समुद्र नाही. बाजाराच्या दिवशी सुक्या बोंबलांच्या टोपल्यांवरून येणारा वास एवढीच त्याची आणि आपली ओळख. पण पांझरेचे पाणी तापीला मिळते आणि तापी सुरतेखाली समुद्राला मिळते. तेव्हा नाते अगदीच नाही असे म्हणता येणार नाही.

विषय निवडण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी संघटनेच्या कामासाठी मी मालवणच्या बाजूला गेलो होतो. सभेत मी नेहमीप्रमाणे संपाच्या हक्कावर बोललो. सभा संपल्यावर एक म्हातारा रापणकार जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेबानू, संप आमी कोणाविरुद्ध करूचो? दर्याविरुद्ध?" मला उत्तर देता आले नाही. गिरणीतला कामगार हात आखडता घेतो तेव्हा मालकाचे यंत्र थांबते. किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्याने हात आखडला तर थंड पडते ती त्याचीच चूल. त्याला मालक नाही, हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही. मग त्याने भांडायचे कोणाशी, आणि कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधीत मी जे वाचले आणि पाहिले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

होडी घेऊन खोल पाण्यात जाणारा कोळी आपणां सर्वांना ठाऊक आहे. नारळी पौर्णिमेची चित्रे त्याचीच असतात. पण जमिनीवर पाय ठेवून समुद्रातला मोठा मासा धरणारा माणूसही तितकाच जुना आहे. त्याची साधने तीन. खडपावर बसून टाकायची गरी, म्हणजे गळ; लाटांत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फेकायचा पाग, म्हणजे गोल पसरणारे हातजाळे; आणि सगळ्या वाडीने मिळून ओढायची रापण.

मोठा मासा किनाऱ्याशी येतोच कशाला, असे कोणी विचारील. तो पोटासाठी येतो. लाट फुटते तेथे वाळू ढवळून निघते, खेकडे आणि कोलंबी उघडी पडते, त्यांच्यामागे बारीक मासळी येते आणि तिच्यामागे रावस, दाढा यांसारखे मोठे मासे येतात. खडकांच्या कपारींत तांबोसा आणि हेकरू दबा धरून असतात. खाडीच्या मुखाशी, जेथे गोडे आणि खारे पाणी मिसळते, तेथे जिताडा येतो. म्हणजे किनाऱ्यालगतचा हा उथळ पट्टा मोठ्या माशांचे जेवणाचे ताट आहे, आणि पुष्कळ माशांच्या पिल्लांचा पाळणाही तोच आहे. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढची सगळी भांडणे या पट्ट्यावरूनच झाली आहेत.

या धंद्याचे घड्याळ चंद्राच्या हाती असते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणावे. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला भांग. शाळेचे तोंड न पाहिलेली माणसे हा हिशेब तोंडी करतात, आणि त्यावर केवळ मासळीच नव्हे तर जीवही अवलंबून असतो. कारण उधाणाच्या दिवशी पहाटे ओहोटी असते आणि एरवी पाण्याखाली असणारे दूरचे खडप उघडे पडते. गरीवाला तेथवर चालत जातो. चढत्या पाण्याबरोबर मासा येतो, म्हणून थांबावेसे वाटते. पण तेच चढते पाणी मागची वाट बुडवीत असते. केव्हा उठायचे हे ज्याला कळते तोच म्हातारा होतो.

मी त्या म्हाताऱ्याबरोबर एका अमावास्येच्या पहाटे असा गेलो होतो. काठी नाही, चाक नाही. हातात गुंडाळलेली दोरी, तिला शिशाचे वजन, टोकाला गळ आणि गळाला कोलंबी. डोक्याभोवती गरगर फिरवून त्याने ती दोरी लाटेच्या पलीकडे फेकली आणि तर्जनीवर धरून बसला. मासा लागला की नाही हे बोटाला कळते, असे तो म्हणाला. त्या बोटाला दोरीने पडलेली खाच मी पाहिली. आमच्या गिरणीतल्या जुन्या कामगारांच्या बोटांनाही सुताच्या अशाच खुणा असत. त्या दिवशी दोन तासांत एक तांबोसा मिळाला. "आजचो दिवस झालो," एवढेच तो बोलला.

गळाची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सन ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख ज्या ग्रंथात असल्याचे आपले वाङ्मयाचे अभ्यासक सांगतात, तो हाच. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले मासे, खवल्यांचे आणि कातडीचे मासे, त्यांचे लहानमोठे प्रकार, त्यांना चारायचे आमिष, गळ आणि दोरी, यांचे त्यात वर्णन आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष त्याकडे गेले. मात्र त्यात मासा धरणे हा राजाचा विनोद आहे. माशांची ही बारीकसारीक माहिती राजाला राजवाड्यात बसून झाली नसणार. ती कोणा भोयाने, कोणा कोळ्याने सांगितली असली पाहिजे. त्याचे नाव ग्रंथात नाही. इतिहासात श्रमाची नोंद बहुधा अशीच होते: ज्ञान ग्रंथात येते, ज्ञानी बाहेर राहतो.

गरी एकट्याची, रापण सर्वांची. रापणीत एक होडी जाळे घेऊन किनाऱ्यापासून निघते, पाण्यात मोठा अर्धगोल घालून दुसऱ्या टोकाशी किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसे भिडतात. चाळीस-पन्नास माणसांचा मेळ, पाय वाळूत रोवलेले, आणि तासन्‌तास ओढणे. जाळे काठाला आले की वाटे पडतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. दोराला हात लावणारा सहसा रिकाम्या हाताने घरी जात नाही, ही जुनी रीत. सहकाराचे कायदे होण्याच्या कितीतरी आधी ही माणसे भांडवल आणि श्रम यांचे हिशेब वाळूवर बसून मिटवीत होती. सारेच आलबेल होते असे मी म्हणणार नाही. जाळे ज्याचे त्याचा वाटा मोठा, आणि कर्ज ज्याचे त्याची मासळी स्वस्त, हे तेथेही होतेच. पण भांडण समोरासमोर होते आणि ते सोडविणारी माणसे गावातली होती.

त्या काळी जाळी सुताची आणि सणाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवीत आणि वाळूवर वाळत घालीत. पुढे नायलॉन आले. ते हलके, मजबूत, न कुजणारे. कापसाच्या मुलखातल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट समजायला कठीण नाही: धागा बदलला की धंदा बदलतो.

पण खरा बदल इंजिनाने केला. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळात मासेमारीच्या आधुनिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता. परंतु कोलंबीला परदेशात भाव आला आणि तळ खरवडीत जाणारे ट्रॉलर सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. कोलंबी असते उथळ पाण्यात. म्हणजे ज्या पट्ट्याला मी ताट आणि पाळणा म्हटले, नेमका तोच खरवडला जाऊ लागला. खडपावर बसलेल्या माणसाला कोणी हाकलले नाही. त्याचा गळ कोणी तोडला नाही. त्याच्याकडे येणारा मासा वाटेतच उचलला गेला. बंधूंनो, कामावरून न काढता रोजगार काढून घेण्याची ही तऱ्हा आहे, आणि ती ओळखायला मला बराच उशीर लागला.

ती सर्वांआधी ओळखणाऱ्यांत गोव्याचे रापणकार होते. १९७०च्या दशकात ते संघटित झाले. माथानी साल्ढाणा हे त्यांच्या नेत्यांपैकी एक. मोर्चे, उपोषणे, समुद्रात झटापटी, सारे झाले. १९७८ साली निरनिराळ्या राज्यांतल्या पारंपरिक मच्छीमारांनी एकत्र येऊन राष्ट्रीय मंच उभारला, आणि १९८५ साली त्याची कामगार संघटना म्हणून रीतसर नोंदणी झाली. ज्यांना मालक नाही त्यांची कामगार संघटना! मला त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडले. त्यांची मागणी पगाराची नव्हती, पाण्याची होती: किनाऱ्यालगतचे उथळ पाणी इंजिनाच्या ट्रॉलरला बंद करा. गोव्यात १९८० साली कायदा झाला आणि ५ किलोमीटरचा पट्टा राखला गेला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्याखाली किनाऱ्याच्या भागाप्रमाणे ५ आणि १० वाव खोलीच्या आत यांत्रिक ट्रॉलरना मनाई झाली. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा आहे. गिरणीच्या आत कायदा शिरल्यानंतर तो समुद्रात शिरायला बरोबर शंभर वर्षे लागली.

असे कायदे परदेशांत टिकतात, आपल्याकडे नाही, असे म्हणणारे भेटतात. त्यांना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची गोष्ट सांगावीशी वाटते. तेथे पट्टेवाला बास नावाचा मोठा मासा लाटांत आणि खडकांत येतो. १६३९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने हा मासा शेतात खत म्हणून घालण्यास बंदी केली. १६७० साली प्लिमथ वसाहतीने मासेमारीच्या उत्पन्नातून मोफत शाळा चालविण्याचे ठरविले. पुढे १८६४ मध्ये धनिकांनी कटीहंक बेटावर क्लब काढला आणि खडकांवर लाकडी मचाणे बांधून तेथून गळ टाकण्याचा शौक केला. मासा दुर्मीळ झाला तेव्हा मचाणेही ओस पडली. समुद्राला शौकीन आणि पोटार्थी हा भेद कळत नाही. विसाव्या शतकात तो मासा पुन्हा संकटात आला, तेव्हा १९८४ साली सर्व किनारी राज्यांना बांधणारा कायदा झाला, काही ठिकाणी मासेमारी पूर्ण बंद ठेवली गेली, आणि १९९५ साली मासा सावरल्याचे जाहीर झाले. जो नियम सर्वांना सारखा, तोच पाळला जातो; हा धडा आपण कामगार चळवळीतही शिकलो आहोत.

आपल्याकडे लढा संपलेला नाही. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले. प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली; ही माशाची सुट्टी म्हणावी. पण कागदावरचा नियम आणि रात्रीच्या काळोखातला समुद्र यांत अंतर असते. त्यातच वृत्तपत्रांत बातमी येते की पालघरजवळच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना २०२१ साली १५७ घोळ मासे मिळाले आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये झाले. आनंदाची गोष्ट आहे. पण ती सोडत आहे, रोजी नव्हे. रोजी म्हणजे पहाटेचा तो एक तांबोसा.

आणि आता पाण्याबरोबर खडपाचाही प्रश्न आला आहे. वरळीच्या कोळ्यांनी किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून झगडा केला; ६० मीटरचे अंतर १२० मीटर करून घेतले. मागणी त्याहून अधिक होती, परंतु मिळविले ते एकजुटीने. डहाणूजवळ वाढवण येथे वर्षानुवर्षे विरोध होऊनही जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मोठ्या बंदराला मान्यता दिली. बंदरे नकोत, रस्ते नकोत, असे मी म्हणत नाही. मात्र जमीन गेली तर सातबारा दाखविता येतो. खडपाचा सातबारा कोणाकडे आहे? पिढ्यान्‌पिढ्या तेथे बसलेल्या माणसाचा पुरावा म्हणजे त्याच्या तर्जनीवरची खाच. ती पाहून भरपाई देणारी कचेरी अजून निघायची आहे.

मागल्या वर्षी मी पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा म्हाताऱ्याला भेटलो. संप दर्याविरुद्ध करायचा नाही, दर्यासाठी करायचा, असे त्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, "ह्या म्हाकां ठावक होता. तुमकां ठावक आसा काय, ता इचारलंय." मग तिथी मोजून तो उठला. पाणी चढू लागले होते.