'टायटॅनिक'चा नकाशाकक्ष आणि हिमसूचनांचा प्रवास

सागरी नकाशे, क्रोनोमीटर आणि मार्गनिश्चितीची अन्य साधने जेथे ठेवली जातात, त्या कक्षास जहाजाची स्मृती म्हणणे वावगे ठरणार नाही. तथापि ही स्मृती बाहेरून येणाऱ्या माहितीवरच पोसली जाते. 'टायटॅनिक'च्या दुर्घटनेची चर्चा बहुधा जहाजाच्या गतीभोवती आणि अपुऱ्या जीवनरक्षक नौकांभोवती फिरते. नकाशाकक्षाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

१४ एप्रिल १९१२ रोजी सकाळी 'कॅरोनिया' जहाजाकडून हिमनगांची बिनतारी सूचना आली. दुपारी आलेला 'बाल्टिक'चा संदेश कप्तान स्मिथ यांनी कंपनीचे अध्यक्ष इस्मे यांच्या हाती दिला. तो त्यांनी खिशात ठेवला. अधिकाऱ्यांच्या माहितीसाठी तो लावता यावा म्हणून कप्तानांनी सायंकाळी सव्वासातच्या सुमारास परत मागितला. म्हणजे सुमारे साडेपाच तास तो नकाशाकक्षाबाहेरच होता. सर्वांत गंभीर संदेश रात्री ९.४० वाजता 'मेसाबा'कडून आला. त्यात ४२ अंश ते ४१ अंश २५ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ४९ अंश ते ५० अंश ३० मिनिटे पश्चिम रेखांश या पट्ट्यातील बर्फाचा उल्लेख होता. 'टायटॅनिक' त्याच पट्ट्याकडे जात होते. तारयंत्रचालक प्रवाशांचे खासगी संदेश पाठविण्यात गुंतला होता. हा कागद अधिकाऱ्यांपर्यंत गेलाच नाही. तारयंत्रचालक हे मार्कोनी कंपनीचे नोकर होते, ही बाब येथे दुर्लक्षून चालणार नाही. ११.४० वाजता जहाज हिमनगावर आदळले.

आघातानंतर चौथे अधिकारी बॉक्सहॉल यांनी सायंकाळच्या ताऱ्यांच्या वेधांवरून आणि अंदाजित वेगावरून जहाजाचे स्थान काढले : ४१ अंश ४६ मिनिटे उत्तर, ५० अंश १४ मिनिटे पश्चिम. १९८५ मध्ये सापडलेले अवशेष त्याच्या पूर्वेस सुमारे १३ सागरी मैलांवर आहेत. आग्नेयेकडून निघालेल्या 'कार्पेथिया'च्या वाटेवरच नौका भेटल्या. हा केवळ योगायोग होय.

लॉर्ड मर्सी यांच्या चौकशीने अतिवेगास दोष दिला. जानेवारी १९१४ च्या लंडन करारात, मार्गावर वा मार्गाजवळ बर्फाची सूचना मिळाल्यास रात्री वेग मर्यादित ठेवणे अथवा मार्ग बदलणे कप्तानावर बंधनकारक करण्यात आले.