सॅचेल पेजची बेचाळिशी

७ जुलै १९४८ रोजीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड इंडियन्स या बेसबॉल संघानें एका नव्या पिचरशीं करार केला. क्रिकेटांत जो गोलंदाज तोच बेसबॉलांत पिचर. सामन्याचें भवितव्य बव्हंशीं त्याच्याच हातीं असतें. नवल हें कीं, हा नवा खेळाडू त्याच दिवशीं बेचाळीस वर्षांचा झाला होता! प्रेक्षक जमविण्यासाठीं संघमालक बिल व्हेक यांनीं मांडलेला हा तमाशा आहे, अशी टीका झाली. एका वजनदार क्रीडासंपादकानें तर या वयाच्या माणसास घेणें म्हणजे खेळाचा दर्जा घालविणें होय, असें लिहिलें. परंतु तो एवढ्या उशिरां कां आला, याचें उत्तर त्याच्या कातडीच्या रंगांत होतें.

लेरॉय सॅचेल पेज हा आलाबामा संस्थानांतील मोबील शहरचा. बालपणीं रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या पिशव्या वाहून तो चार पैसे मिळवी. 'सॅचेल' म्हणजे पिशवी, आणि हें टोपणनांव तेथूनच पडलें असें सांगतात. लहानसहान चोरीबद्दल बाराव्या वर्षीं त्याची रवानगी सुधारशाळेंत झाली. तेथेंच त्यास चेंडू टाकण्याचे धडे मिळाले. सुधारशाळेनें खरोखरीच कांहीं सुधारल्याचें हें विरळ उदाहरण!

१९२६ पासून तो कृष्णवर्णीयांच्या संघांतून खेळूं लागला, कारण मोठ्या लीगांची दारें त्यांना बंद होतीं. तसा लेखी नियम नव्हता. मालकांची आपसांतील मूक संमति पुरेशी होती. हंगाम संपला कीं गोरे नामांकित खेळाडू फिरत्या संघांतून त्याच्याविरुद्ध उतरत. जो डिमॅजिओसारख्या फलंदाजानें त्याची थोरवी मोकळेपणीं मान्य केली. म्हणजे पेजची योग्यता गोऱ्या बेसबॉलला ठाऊक नव्हती असें नव्हे. ठाऊक असूनच दार उघडलें नाहीं.

१९३८ सालीं मेक्सिकोंत त्याचा हात निकामी झाला. कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाच्या मालकानें त्यास दुय्यम संघांत आसरा दिला. हात पुन्हा चालूं लागला, आणि १९४२ सालीं मोनार्क्सनीं कृष्णवर्णीयांचें अजिंक्यपद मिळविलें. पुढें याच संघांतला तरुण जॅकी रॉबिन्सन १९४७ सालीं मोठ्या लीगमध्यें पहिला कृष्णवर्णीय म्हणून झळकला. तो मान आपल्यास मिळाला नाहीं, हें शल्य पेजच्या मनांत कायम राहिलें.

टीकाकारांना उत्तर त्यानें मैदानावर दिलें. १९४८ च्या त्या अर्ध्या हंगामांत त्याच्या नांवें सहा विजय आणि एकच पराभव लागला. २० ऑगस्ट रोजीं क्लीव्हलंड येथें ७८,३८२ प्रेक्षकांसमोर त्यानें शिकागोच्या संघास एकही धाव करूं दिली नाहीं. क्षणभर थबकून टाकलेली त्याची फेक इतकी फसवी कीं, लीगच्या अध्यक्षांनीं ती बेकायदा ठरविली.

१९६५ सालीं कॅन्सस सिटीच्या दुसऱ्या एका मालकानें एकोणसाठ वर्षांच्या पेजला मैदानाकडेच्या झुलत्या खुर्चीत बसविलें. शेजारीं परिचारिकाही ठेविली. हा मात्र उघड तमाशाच होता. पेज उठला आणि तीन डावांत एकही धाव न देतां परत आला.

१९७१ सालीं त्याची थोर खेळाडूंच्या मंदिरांत निवड झाली. प्रथम कृष्णवर्णीयांसाठीं निराळा कक्ष योजिला होता. ओरड झाल्यावर तो बेत सुटला. पेज १९८२ सालीं वारला. कृष्णवर्णीयांच्या लीगांतील आंकडे मोठ्या लीगांच्या अधिकृत नोंदींत २०२४ सालीं मिळविण्यांत आले. गांवोगांव फिरून खेळलेले शेंकडों सामने त्यांतही नाहींत.